समदे जंतू खतम? ब्रॉयलरच्या पाण्यातून द्यायच्या फेज-लायसिन पावडरीचे परीक्षण

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या सीमेवरील तालुक्यांत पशुखाद्य व औषधे विकणाऱ्या काही दुकानांतून अलीकडे एक चंदेरी पुडी ब्रॉयलर उत्पादकांच्या हातात आग्रहाने ठेवली जात आहे. ही पावडर पिण्याच्या पाण्यात विरघळवून द्यायची असते. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूपासून, म्हणजे फेजपासून, मिळवलेले लायसिन नावाचे एन्झाइम तिच्यात आहे, असे पुडीवर छापलेले आहे. आमच्या दोन शेडपैकी एका शेडमध्ये ती एकदा हिवाळ्याच्या आणि एकदा उन्हाळ्याच्या बॅचला वापरली, दुसरे शेड मुद्दाम तसेच ठेवले, आणि तो अनुभव व या विषयावरचे वाचन यांच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. आतड्याच्या एका विशिष्ट रोगासाठी, आणि तीही दुकानात थंड जागी ठेवलेली असल्याची खात्री असेल तरच, ही पावडर घेण्याजोगी आहे. पुडीवरच्या बाकीच्या दाव्यांसाठी पैसे घालवू नयेत. उत्पादनाचे आणि कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझे म्हणणे एका पुडीपेक्षा या संपूर्ण प्रकाराविषयी अधिक आहे.

ज्या रोगापुरती ती उपयोगाची आहे त्याला पशुवैद्यक नेक्रोटिक एन्टरायटिस म्हणतात, आणि तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू मातीत, लिटरमध्ये (शेडमधल्या तुसाच्या अंथरुणात) आणि निरोगी कोंबडीच्या आतड्यातही असतोच. पण रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवीने आतड्याचे अस्तर सोलले गेले, खाद्य एकदम बदलले किंवा खाद्यात मासळीची भुकटी जास्त पडली, की तो झपाट्याने वाढतो आणि त्याचे विष आतड्याची भिंत खाऊ लागते. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे पिल्लांवरचा बराच खर्च होऊन गेल्यावर, हा त्रास उभा राहतो. मेलेला पक्षी शेडबाहेर नेऊन चिरला तर लहान आतडे वायूने फुगलेले आणि पातळ झालेले दिसते, आणि ते उभे कापले की आतला थर तपकिरी, खरबरीत, टर्किश टॉवेलसारखा दिसतो. ही उपमा पशुवैद्यकांची आहे आणि एकदा पाहिल्यावर ती पटते. दुर्गंधी अशी की हातमोजे काढून साबण लावला तरी बोटांना येत राहते. या उघड रोगापेक्षा त्याचा छुपा प्रकार शेतकऱ्याला जास्त महागात पडतो. त्यात पक्षी मरत नाहीत, पण खाल्लेले अंगाला लागत नाही, एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागणारे खाद्य) बिघडतो, आणि लिटर ओले होऊन अमोनियाने डोळे चुरचुरू लागतात.

आजवर यावरचा सोपा उपाय म्हणजे खाद्यातच थोडे थोडे अँटिबायोटिक मिसळत राहणे. युरोपीय संघाने केवळ वाढीसाठी अँटिबायोटिक देणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले. आपल्याकडे कोलिस्टिनचा, म्हणजे माणसाच्या गंभीर संसर्गात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधाचा, कोंबड्यांत व अन्नासाठी पाळलेल्या इतर जनावरांत होणारा वापर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये थांबवला, आणि मांस, अंडी व दुधातील अँटिबायोटिकविषयीचे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे अधिक कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्यामुळे अँटिबायोटिकऐवजी काय, हा प्रश्न आता पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही; दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या दोन शेडवाल्यालाही तो पडतो, आणि या पुडीची विक्री नेमकी त्याच प्रश्नावर चालली आहे.

लायसिनचे काम समजून घेतल्याशिवाय पुडीवरचे दावे तपासता येत नाहीत, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. फेज हा केवळ जिवाणूंवर जगणारा विषाणू आहे. तो जिवाणूला चिकटून आपले जनुकीय द्रव्य त्याच्या आत सोडतो, जिवाणूच्याच सामग्रीतून आपल्या शेकडो प्रती तयार करून घेतो, आणि शेवटी त्या प्रतींना बाहेर पडता यावे म्हणून जिवाणूची भिंत आतून कापतो. ही भिंत शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे लहान दुवे यांनी विणलेली असते. लायसिन त्यातले ठरावीक सांधे तोडते. जिवाणूच्या आत दाब मोठा असल्यामुळे भिंतीला एका जागी भोक पडले तरी तो फुटून मरतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील व्हिन्सेंट फिशेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की हेच एन्झाइम शुद्ध करून बाहेरून टाकले तरी घशात राहणारे स्ट्रेप्टोकोकस जिवाणू काही सेकंदांत मरतात. तेव्हापासून लायसिनकडे फेजचा एक भाग म्हणून न पाहता स्वतंत्र औषध म्हणून पाहिले जाऊ लागले. पुष्कळ लायसिनच्या रेणूत एका टोकाला कापणारा भाग आणि दुसऱ्या टोकाला विशिष्ट जिवाणूची भिंत ओळखून तिला चिकटणारा भाग असतो, आणि म्हणूनच क्लॉस्ट्रिडियमसाठीचे लायसिन आतड्यातल्या उपयुक्त लॅक्टोबॅसिलसना सहसा हात लावत नाही. अँटिबायोटिकपेक्षा हा त्याचा खरा गुण आहे. दुसरा गुण असा की ज्या सांध्यांवर ते घाव घालते ते बदलणे जिवाणूला सोपे नसते, त्यामुळे त्याला दाद न देणारे जिवाणू तयार होणे अवघड ठरते.

कोंबड्यांच्या रोगावर फेज वापरण्याची कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे. फेजना त्यांचे नाव देणारे फेलिक्स द’एरेल यांनी १९१९ मध्ये फ्रान्समधील खेड्यांत कोंबड्यांच्या टायफॉइडवर, म्हणजे साल्मोनेला गॅलिनारमवर, फेज वापरून पाहिले होते. पुढे अँटिबायोटिक आले आणि हा मार्ग बहुतेक देशांत मागे पडला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तयार मांसावर व चिकनवर लिस्टेरियाविरुद्ध फवारण्यासाठी फेजच्या मिश्रणाला २००६ मध्ये परवानगी दिली. ती संपूर्ण फेजना होती, एन्झाइमला नव्हे. दुकानदारांच्या बोलण्यात या दोन्हींची सरमिसळ होते आणि ‘अमेरिकेत पास झालेले’ असे सर्रास सांगितले जाते, म्हणून हा फरक येथे नोंदवतो.

आता पुडीवरच्या दाव्यांकडे येऊ. मागच्या बाजूला क्लॉस्ट्रिडियम, साल्मोनेला, ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर अशी चार नावे एका ओळीत छापली आहेत. ज्या दुकानातून मी पुडी घेतली तेथील मालकांनी त्यावर आपली भर घातली: “भाऊ, कोलिस्टिन बंद झालं ना, त्याच्याच जागी हे आलं आहे. समदे जंतू खतम. मी खोटं नाही सांगून रायलो.” ते खोटे सांगत नव्हते, त्यांना जे सांगितले गेले तेच ते सांगत होते. पण या वाक्यात दोन गोष्टी उलट्या बसल्या आहेत. साल्मोनेला, ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर हे ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जिवाणू आहेत, आणि त्यांच्या भिंतीबाहेर स्निग्ध द्रव्याचे आणखी एक आवरण असते. लायसिन आतून कापते तेव्हा या आवरणाचा प्रश्न येत नाही, पण बाहेरून टाकलेले लायसिन या आवरणाशीच अडते आणि भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. क्लॉस्ट्रिडियम, लिस्टेरिया आणि स्टॅफिलोकोकस यांना असे बाहेरचे आवरण नसते, म्हणून त्यांच्यावर ते चालते. कोलिस्टिनचे नेमके उलटे आहे. ते ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या या बाहेरच्या आवरणावरच हल्ला करते आणि क्लॉस्ट्रिडियमला त्याने फारसे काही होत नाही. तेव्हा जे काम कोलिस्टिन करत असे ते काम ही पावडर करू शकत नाही, आणि जे ही पावडर करू शकते ते कोलिस्टिनने कधी केलेच नव्हते.

हा अडसर ओलांडण्याचे प्रयत्न झालेले आहेत. ईडीटीए हे रसायन किंवा सेंद्रिय आम्ले यांनी आवरण सैल करून मग लायसिन देणे हा एक मार्ग, आणि आवरण फोडणारे लहान पेप्टाइड लायसिनलाच जोडून टाकणे हा दुसरा. बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये या दुसऱ्या मार्गाने केलेले काम गाजले. पण असे काही केले असेल तर ते पुडीवर लिहायला हवे. या पुडीवर घटक म्हणून केवळ ‘फेज एन्झाइम’ आणि ‘डेक्स्ट्रोज’ एवढेच आहे. कंपनीच्या प्रतिनिधीला फोनवर विचारले असता साल्मोनेलावरचा चाचणी अहवाल पाठवतो असे उत्तर मिळाले, आणि जो कागद आला त्यात क्लॉस्ट्रिडियमवरचीच चाचणी होती. क्लॉस्ट्रिडियमवरचा तो अहवाल बरा होता, हेही सांगितले पाहिजे.

एन्झाइम किती आहे, हे पुडीवर मिलिग्रॅममध्ये दिलेले आहे, आणि ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. एन्झाइम हे प्रथिन असते. त्याचे वजन तेवढेच राहून त्याची क्रिया शून्य होऊ शकते. आपण खाद्यात फायटेज हे एन्झाइम वापरतो तेव्हा त्याच्या पोत्यावर दर ग्रॅममागे किती एकक क्रिया आहे हे छापलेले असते आणि खाद्य तयार करणारा त्याच आकड्यावर हिशेब करतो. लायसिनच्या बाबतीतही तेच मागितले पाहिजे. क्रियेचा आकडा नसेल तर पुडीत जिवंत एन्झाइम आहे की निकामी झालेले प्रथिन, हे ग्राहकाला कळायला कोणताही मार्ग उरत नाही.

आमच्या भागात हा प्रश्न किती खरा आहे हे दुकानाच्या फळीवर दिसले. पुडीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असे आहे. दुकान पत्र्याचे, पुड्या वरच्या फळीवर, पत्र्यापासून हातभर अंतरावर, बाजूला तणनाशकाचे डबे आणि मिनरल मिक्श्चरची पाकिटे. एप्रिलच्या शेवटी अकोल्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याखाली तो त्याहून किती वर जातो हे सांगायला नको. फ्रिज दुकानात होता, पण तो मानमोडीवरच्या लासोटा आणि गमबोरोच्या लसींनी आणि थंड पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला होता. त्या फळीवरची एक पुडी आणि हिवाळ्यात घेऊन घरच्या फ्रिजमध्ये ठेवलेली एक पुडी, अशा दोन्ही पुड्या पशुवैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याकडे दिल्या. त्याने आपल्या मार्गदर्शकांच्या परवानगीने साधी चाचणी केली. क्लॉस्ट्रिडियमच्या मारलेल्या पेशी द्रावणात घेतल्या की ते गढूळ दिसते; लायसिन काम करत असेल तर भिंती तुटत जाऊन ते निवळत जाते. फ्रिजमधल्या पुडीच्या नळीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे थोड्याच वेळात वाचता येऊ लागली. फळीवरच्या पुडीची नळी आम्ही चहा पिऊन परतलो तरी तशीच दुधी होती. एका चाचणीवरून सर्व दुकानांतल्या मालाविषयी बोलता येत नाही, हे मान्य आहे. पण प्रथिनाला उष्णता मानवत नाही ही गोष्ट चाचणीशिवायही ठाऊक असते, आणि कंपनीला ती ठाऊक नसेल असे म्हणवत नाही.

उष्णतेला टिकेल असे लायसिन तयार करणे अशक्य नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक जोड-एन्झाइम प्रसिद्ध केले, त्यात कापणारा भाग समुद्राच्या तळाशी असलेल्या उष्ण झऱ्यांतील जिवाणूच्या फेजमधून घेतला होता आणि चिकटणारा भाग क्लॉस्ट्रिडियमला ओळखणारा होता. हेतू हाच की कोंबडीच्या खाद्यासाठी लागणारी उष्णता ते सहन करील. खाद्याच्या गोळ्या करताना वाफेने तापमान ८० अंशांच्या घरात नेले जाते, आणि साधे लायसिन तेथेच संपते. त्यामुळे ही पावडर गोळी-खाद्याच्या गिरणीत मिसळायला देऊ नये. घरी मॅश तयार करणाऱ्यांनीही ती पाण्यातूनच द्यावी. विदर्भासाठी उत्पादन आणणाऱ्या कंपनीने असे उष्णतासह एन्झाइम तरी आणावे किंवा लसीसारखी बर्फाची साखळी तरी सांभाळावी. यातले काहीच न करता ज्या तालुक्यांत मे महिन्यात लोक कोंबड्यांसाठी गोणपाटाचे पडदे भिजवत बसतात तेथे पुड्या पत्र्याखाली ठेवायला देणे हा व्यवहार मला पटत नाही.

पाण्याची अडचण उष्णतेहून वेगळी आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आमची बोअर आहे, आणि त्या पाण्यातल्या क्षारांमुळे कोंबड्यांच्या पाणी पिण्याचे निप्पल वर्षभरात पांढरे पडतात. लायसिनची क्रिया पाण्यातील क्षार आणि सामू यांवर अवलंबून असते. शिवाय बहुतेक जण टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि क्लोरीन कोणत्याही प्रथिनाला सोडत नाही. पुडीवर याविषयी अक्षर नाही. आम्ही लस देताना जी काळजी घेतो तीच येथे घेतली: आदल्या दिवसापासून टाकीत क्लोरीन टाकणे बंद, नळयोजनेचे गोडे पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून घेतलेले, त्यात थोडी दूध पावडर, आणि पहाटे पक्ष्यांना थोडा वेळ तहानलेले ठेवून मग औषधाचे पाणी, जेणेकरून ऊन चढण्याआधी ते संपेल. उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते, त्या पाण्यात ही पावडर टाकण्यात अर्थ नाही. व्हिटॅमिन सी, इलेक्ट्रोलाइट किंवा पाण्यात द्यायचे आम्ल यांच्यासोबत ती एकत्र करू नये, असेही माझे मत आहे. प्रतिनिधी मात्र ‘सगळ्यांसोबत चालते’ म्हणाला.

हिवाळ्याच्या बॅचचा अनुभव समाधानकारक होता. पुडी घेतली त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुरू केली आणि धोक्याचा काळ संपेपर्यंत दिली. ज्या शेडमध्ये ती दिली तेथे गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या गिरण्यांतून आणलेले तूस शेवटपर्यंत मोकळे राहिले, हातात घेऊन दाबले तर गोळा होत नव्हता. दुसऱ्या शेडमध्ये ड्रिंकरखालच्या पट्ट्यात ते केकसारखे घट्ट झाले आणि दोनदा उलटावे लागले. न दिलेल्या शेडमधल्या काही मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्यात डॉक्टरांना एन्टरायटिसची चिन्हे दिसली, दिलेल्या शेडमध्ये ती दिसली नाहीत. वजनातला फरक शेतकऱ्याला जाणवेल पण व्यापाऱ्याला सांगता येणार नाही, इतकाच होता. दोन शेडची तुलना म्हणजे शास्त्रीय प्रयोग नव्हे. एका शेडची वायुवीजनाची बाजू बरी असू शकते, आणि रक्ती हगवणीचा जोर दोन्हीकडे सारखाच होता याची हमी नाही. उन्हाळ्याच्या बॅचला मुद्दाम फळीवरची पुडी वापरली, त्यात दोन शेडमध्ये मला काहीही फरक दिसला नाही. वर सांगितलेल्या नळीच्या चाचणीनंतर त्याचे आश्चर्यही वाटले नाही.

ज्या दाव्यावर ही पुडी शहरी ग्राहकाच्या नावाने खपवली जाते तो म्हणजे ‘सुरक्षित चिकन’. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण अन्नातून होणाऱ्या विषबाधेचे जिवाणू आणि कोंबडीला आजारी पाडणारे जिवाणू यांची यादी एक नाही. कॅम्पायलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात लाखोंनी असतो, तिच्या ४१-४२ अंशांच्या शरीरात तो मजेत राहतो आणि तिला काही होत नाही. माणसाला मात्र जुलाब आणि ताप देतो. माणसाला बाधणारे साल्मोनेलाचे प्रकारही पुष्कळदा निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यातूनच येतात. या दोघांवर ही पावडर चालत नाही, हे वर आलेच आहे. उरतो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, जो दोन्ही याद्यांत आहे. पण तो माणसाला बाधतो तो शेडमधल्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या सवयींमुळे. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचातली सुप्त रूपे, उकळूनही मरत नाहीत. लायसिनचेही त्यांच्या जाड कवचापुढे काही चालत नाही. आमच्याकडे हळदीला किंवा वास्तूला मोठ्या गंजात सावजी रस्सा होतो, रात्रीची पंगत उठल्यावर उरलेला रस्सा त्याच गंजात झाकून सकाळपर्यंत राहतो, आणि तो कोमट होत जाण्याच्या त्या सावकाश काळात बीजाणू उगवून जिवाणू दर दहा-पंधरा मिनिटांना दुप्पट होऊ शकतात. हा रस्सा उथळ पातेल्यांत काढून लवकर थंड केला आणि सकाळी पुन्हा खळखळून उकळला, तर जे साधते ते शेडमधल्या कोणत्याही पुडीने साधत नाही.

आठवडी बाजारातल्या चिकन सेंटरचा विचार केला तर हे आणखी स्पष्ट होते. पक्षी समोर कापला जातो, पिसे काढायच्या यंत्रातून निघतो, आणि एकाच लाकडी ठोकळ्यावर सकाळपासून सगळ्यांचे तुकडे होतात. शेडमधून आपला पक्षी कितीही स्वच्छ निघाला तरी त्या ठोकळ्यावर त्याच्या आधीच्या पक्ष्याचे आतडे फुटलेले असते. घरी मांस आतपर्यंत ७४ अंशांवर गेले की साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर मरतात, आणि सावजी रस्सा त्याहून कितीतरी जास्त तापतो. धोका असतो तो त्याच विळीवर नंतर चिरलेल्या कांद्याचा. म्हणून चिकन सेंटरवाल्यांनी ‘या पावडरीवर वाढवलेली कोंबडी’ अशी पाटी लावून किलोमागे जादा भाव मागितला, तर ग्राहकाने तो देण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

पुडीवरच्या ‘विषाणू’ या उल्लेखाने काही शेतकरी बिचकले, त्यांच्या शंकेत तथ्य किती हेही सांगतो. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीमुळे कोरोना होतो या अफवेने भाव कोसळले होते, आणि नागपूरच्या गोरेवाडा येथे बर्ड फ्लूने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावल्याची बातमी जानेवारी २०२५ मध्ये आली तेव्हा गावोगाव पुन्हा चिकनची दुकाने ओस पडली. त्यामुळे ‘विषाणू पाण्यातून देतो’ असे शेजाऱ्याला कळू द्यायला लोक घाबरतात. वस्तुस्थिती अशी आहे की या पुडीत विषाणू नसतो. लायसिनचे जनुक प्रयोगशाळेतील जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून, टाक्यांत ते वाढवून, त्यांच्याकडून एन्झाइम तयार करून घेतले जाते. शिवाय फेज असता तरी तो कोंबडीच्या किंवा माणसाच्या पेशीत शिरू शकत नाही. याची दुसरी बाजू हीदेखील आहे की बर्ड फ्लू, मानमोडी आणि गमबोरो हे विषाणूंचे रोग आहेत, विषाणूंना पेशीभिंत नसते आणि त्यांच्यावर या पावडरीचा काडीचाही उपयोग नाही. एका शेतकऱ्याने ही पावडर सुरू आहे म्हणून लासोटाचा बूस्टर पुढे ढकलल्याचे ऐकले. असे कृपया कोणी करू नये.

किमतीबद्दल थोडक्यात. जुन्या अँटिबायोटिकच्या मानाने पुडी महाग आहे, आणि प्रत्येक बॅचला सरसकट दिली तर ब्रॉयलरच्या तुटपुंज्या नफ्यातून तो खर्च निघणे कठीण आहे. मागच्या बॅचमध्ये आतड्याचा त्रास झाला असेल, लिटर जुने वापरायचे असेल किंवा रक्ती हगवण वारंवार येत असेल, तेथे हिशेब जुळतो. पण तिथेही आधी कॉक्सिडियाचा बंदोबस्त, कोरडे लिटर आणि खाद्य हळूहळू बदलणे ही कामे पहिली, कारण आतड्याचे अस्तर सोललेलेच राहिले तर लायसिन थांबताच क्लॉस्ट्रिडियम परत येतो. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवणाऱ्यांनी सुपरवायझरला विचारल्याशिवाय बाहेरचे काहीही पाण्यात घालू नये, ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवण्याचा मोबदला, कापला जाण्याचे ते निमित्त होते. आणि रोग उघड होऊन पक्षी मरू लागले असतील तर ही पावडर औषधाची जागा घेत नाही. पशुवैद्यकांना बोलवावे, ते सांगतील ते औषध द्यावे आणि विक्रीपूर्वीचे थांबण्याचे दिवस पाळावेत.

दुकानदाराला नळीच्या चाचणीची हकिगत सांगितली तेव्हा ते आधी नाराज झाले, मग त्यांनी फळीवरच्या पुड्या उतरवून कंपनीला परत पाठवल्या. पुढचा माल ऑक्टोबरनंतर थर्माकोलच्या खोक्यात बर्फासह मागवतो आणि लसींच्या फ्रिजमध्ये एक कप्पा रिकामा करतो, असे त्यांनी कबूल केले आहे. तो तसा आला, पुडीवर क्रियेचे एकक छापलेले असले आणि साल्मोनेलाचे नाव काढलेले असले, तर हिवाळ्याच्या बॅचसाठी मी ती पुन्हा घेईन. मार्च ते जून या काळात घेणार नाही.